तो पाणी ओलांडत नाही

मला शिकारीला नेलं ते माझ्या कानांसाठी. बंदूक चालवता येते का, चिखलात तास न् तास बसवेल का, असलं काही माझ्या शेजाऱ्यानं विचारलं नाही. अंगणात बोलत उभे असताना लांबच्या हमरस्त्यावरून रुग्णवाहिका गेली. तिचा भोंगा मला ऐकू आला आणि ती पूर्वेकडे गेली, असं मी सहज म्हणालो. तेवढ्यावर त्यानं मला हेरलं.

म्हातारा सत्तरीच्या पुढचा. त्याचं आयुष्य फॉस्फेटच्या खाणींत अवाढव्य यंत्रांची दुरुस्ती करण्यात गेलं. फ्लोरिडाच्या मध्यावर, आमच्या लेकलँड गावाच्या दक्षिणेला या खाणी पसरल्या आहेत. तिथल्या मातीत पुराणकाळातल्या प्राण्यांची इतकी हाडं निघतात की त्या पट्ट्याला ‘बोन व्हॅली’च म्हणतात. यंत्रांच्या गोंगाटानं त्याच्या कानांतले वरचे सूर नेले. श्रवणयंत्र लावलं की आवाज मोठा होतो, पण कुठून आला ते कळत नाही, ही त्याची तक्रार. आणि वसंतातली रानटर्कीची शिकार म्हणजे आवाज कुठून आला, याचाच खेळ.

गोळी मी झाडणार नव्हतो. तरी नियमांच्या बाबतीत म्हातारा कर्मठ. ‘माझ्याबरोबर यायचं तर कागद पुरे करून ये,’ म्हणाला. १ जून १९७५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे बंदुकीच्या शिकारीसाठी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो. तो केला. शिकारीचा परवाना १७ डॉलर, टर्कीचा वेगळा १० डॉलर. वाशीम जिल्ह्यातल्या माझ्या आईला फोनवर हे सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “कोंबडी काय दुकानात मिळत नाही का तिकडे?”

लेकलँडच्या उत्तरेला ग्रीन स्वॉम्प आहे. नावात दलदल असली तरी सगळं पाणीच पाणी नाही. सपाट गवताळ कुरणं, पाइनची विरळ झाडी, करवतीच्या दातांसारख्या देठांचे बुटके पामेटो आणि मधे मधे सायप्रसची गोल बेटं. बेटाच्या मधोमध पाणी खोल, तिथली झाडं उंच. कडेला उथळ, तिथली बुटकी. लांबून पाहिलं तर रानात घुमट उभे केल्यासारखं दिसतं आणि इथे त्यांना घुमटच म्हणतात. विथलाकूची, हिल्सबरो, पीस आणि ओक्लावाहा या चार नद्या याच भागातून निघतात, पण उगम म्हणून बोट ठेवावं अशी एकही जागा दिसत नाही. पाणी कुठे थांबलंय आणि कुठे चाललंय, हे उन्हाळ्यातल्या पावसानंतर तर सांगताच येत नाही. मार्च म्हणजे इथला कोरडा काळ. हिवाळ्यात पाऊस बरा झाला असेल तर मात्र मार्चमध्येही पोटऱ्यांपर्यंत पाणी असतं.

रानटर्की दिवसभर जमिनीवर चरते आणि रात्री झाडावर चढते. या भागात ती झोपायला बहुतेक वेळा पाण्यावर झुकलेला सायप्रस निवडते. खालून रानमांजर आलं तर पाणी खळबळतं, हे म्हाताऱ्यानं सांगितलेलं कारण. इथली टर्की ओसियोला उपजातीची. रंगानं काळपट, पंखांवरचे पांढरे पट्टे बारीक, पाय लांब. फ्लोरिडाच्या द्वीपकल्पाबाहेर ही जगात कुठे नाही. त्यामुळे चारही मुख्य उपजातींचे नर मारून ‘ग्रँड स्लॅम’ पुरा करणारे हौशी लोक थेट उत्तरेकडून येतात आणि गुरांच्या मळेवाल्यांना एका सकाळसाठी हजारो डॉलर मोजतात. म्हाताऱ्याला हे पटत नाही. त्याला शिकारीला जागा मिळते ती त्याच्या जुन्या खाणसोबत्याच्या कुरणात, कुंपण दुरुस्त करून देण्याच्या बोलीवर.

या उपजातीचं नाव १८९० मध्ये डब्ल्यू. ई. डी. स्कॉट या पक्षिशास्त्रज्ञानं ठेवलं, सेमिनोल लोकांचा नेता ओसियोला याच्यावरून. ओसियोलाला अमेरिकी सैन्यानं १८३७ मध्ये पकडलं ते लढाईत नव्हे. पांढऱ्या निशाणाखाली बोलणी करायला आला असताना पकडलं. पुढच्याच जानेवारीत तो कैदेत मेला. खोट्या बोलावण्याला फसलेल्या माणसाचं नाव अशा पक्ष्याला मिळालं, ज्याला लोक दरसाल खोटं बोलावणं धाडून मारतात. स्कॉटच्या मनात असं काही नसणार. माझ्या मनात मात्र ते काही केल्या जात नाही.

तर बोलावणं. वसंतात नर झाडावरूनच पहाटे घोगरा, गडगडता आवाज काढतो. त्याला गॉबल म्हणतात आणि तो काढणाऱ्याला गॉबलर. आवाज ऐकून माद्या त्याच्याकडे जातात. निसर्गाची रीत ही अशी, मादीनं नराकडे जायचं. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि अपेक्षा करतो की नरानं आपल्याकडे यावं. म्हणजे मुळातच उलटी मागणी. अभ्यासक्रमात आवाजांचे प्रकार शिकवतात, दुकानात वाद्यांच्या भिंती भरलेल्या असतात, पण ही गोष्ट कुणी ठळकपणे सांगत नाही. गॉबलर उत्तर देतो, पुन्हा पुन्हा देतो, आणि जागचा हलत नाही. कारण त्याच्या मते आता पाळी तुमची असते.

वाद्यं मुख्यतः तीन प्रकारची. एक लाकडी पेटी, जिचं झाकण कडेवर घासलं की चिरका आवाज येतो. १८९७ मध्ये आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सन यानं तिचं पेटंट घेतलं. दुसरं तोंडातलं, घोड्याच्या नालाच्या आकाराच्या चौकटीत ताणलेला रबराचा पातळ पडदा. टाळूला चिकटवून फुंकायचा. हात मोकळे राहतात म्हणून जाणते तेच वापरतात. म्हाताऱ्याच्या कवळीमुळे त्याला ते जमत नाही. मला सुरुवातीला उमासे येत. आय-४ महामार्गावर टँपाकडे जाताना गाडी अडकली की मी सराव करायचो. शेजारच्या गाड्यांमधले लोक बघायचे आणि काच वर करायचे. तिसरं म्हणजे तळहातावर मावेल अशी वाटी, वर गोल पाटी बसवलेली, आणि तिच्यावर घासायला लाकडी काडी. मला पहिल्याच दिवशी जमलं ते हेच. ओल्या पाटीवर पेन्सिल ओढली की गुरुजींच्या अंगावर काटा आणणारा जो आवाज निघतो, तोच इथे जरा हलक्या हातानं काढला की मादीची साद होते. पहिलीपासून चौथीपर्यंतची मेहनत इतक्या वर्षांनी फ्लोरिडात कामाला आली. रेकॉर्ड केलेले आवाज वाजवायला मात्र इथे बंदी आहे. झाडावर झोपलेल्या पक्ष्यावर गोळी झाडायलाही.

साद तरी किती तऱ्हेची. पहाटे झाडावर असतानाची हलकी, तोंडातल्या तोंडात. खाली उतरल्यावरची लांब, एकामागून एक. चरता चरता समाधानानं काढलेला घरघर आवाज. आणि ‘पट्ट’ असा एकच तुटका, जो ऐकला की आपली सकाळ संपली असं समजायचं, कारण तो धोक्याचा. सर्वांत आधी मात्र टर्कीचा नव्हे, घुबडाचा आवाज काढायचा. इथलं पट्टेरी घुबड पहाटे सायप्रसमध्ये आठ तुकड्यांचा घुत्कार करतं. तो ऐकला की नर चिडून म्हणा, दचकून म्हणा, झाडावरूनच ओरडतो आणि आपला पत्ता सांगून बसतो. गडगडाट, कावळा, गाडीचं आपटलेलं दार, काहीही चालतं. घुबड तोंडानं काढायचं काम म्हाताऱ्याचं. उत्तर कुठून आलं, हे सांगायचं माझं. मी बोट दाखवायचो, तो होकायंत्रावर बघायचा.

नकली टर्कीबद्दल, म्हणजे डिकॉयबद्दल, त्याची मतं ठाम. मादी एक पुरे. तिच्याबरोबर वर्षाचा कोवळा नर, ज्याला जेक म्हणतात. मादीच्या अगदी जवळ जेक उभा दिसला की मोठ्या नराचं डोकं फिरतं. दोन्ही वीसेक पावलांवर रोवायच्या. जेकचं तोंड आपल्याकडे करायचं, कारण येणारा नर त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो आणि मग त्याची पाठ आपल्याकडे असते. पाण्यात रोवायच्या नाहीत. गुडघाभर पाण्यात निवांत उभी असलेली मादी बघून कुठलाही गॉबलर शहाणा होईल. छाती फुगवून पिसारा उभारलेल्या थोराड नराचा डिकॉय तो वापरत नाही. म्हणतो, बरेच नर तो बघून निघून जातात.

खरी भीती दुसऱ्या शिकाऱ्याची. गॉबलरचं डोकं तांबडं, पांढरं, निळं असतं. म्हणून हे तीन रंग अंगावर कुठेही नकोत, रुमालसुद्धा नाही. डिकॉय नेताना पिशवीत पूर्ण झाकलेला, पिशवीला भगवं फडकं. पाठ टेकायला खांद्यांपेक्षा रुंद झाड, म्हणजे मागून कुणी गोळी झाडली तर निदान खोड मधे येतं. हल्ली काही जण पिसाऱ्याच्या आडून रांगत नराच्या अंगावर जातात. काही राज्यांनी सार्वजनिक रानात त्याला बंदी घातली आहे. पिसाऱ्यामागे माणूस आहे की पक्षी, हे तिसऱ्या माणसाला कसं कळणार? असली शिकार शौर्याची नव्हे, निव्वळ आगाऊपणाची.

त्या हंगामात एका गॉबलरनं आम्हाला खरं काय ते शिकवलं. कुरणाच्या कडेनं एक नाळ जाते. फार तर पंचवीस फूट रुंद, पाणी काळं आणि कमरेइतकं. तिच्या पलीकडच्या घुमटात तो झोपायचा. उजाडताना घुबडाला उत्तर द्यायचा, मग माझ्या पाटीला. खाली उतरला की पलीकडच्या काठावर यायचा, पिसारा उभारून इकडून तिकडे फेऱ्या मारायचा. मी साद घातली की गडगडायचा. मी गप्प राहिलो की आपणहून गडगडायचा. पामेटोच्या फटीतून त्याचं डोकं दिसायचं, लाल पडायचं, पांढरं पडायचं. तासभर हेच. त्याला उडता येत होतं, चार पंख मारले असते तर तो आमच्या डिकॉयपाशी आला असता. पण पाणी, कुंपण, नाला मधे आला की हा पक्षी हटून बसतो. शेवटी त्याच्या बाजूनं खऱ्या माद्या आल्या आणि त्याला घेऊन गेल्या. म्हातारा त्यावर म्हणाला, “तुझ्या आवाजात खोट नाही. आपण चुकीच्या काठाचे लोक आहोत.”

मला तेव्हा आमच्या गावाबाहेरचा फासेपारध्यांचा बेडा आठवला. आमचं गाव कारंज्याच्या बाजूला. त्या बेड्यातला एक माणूस फडक्यानं झाकलेल्या पिंजऱ्यातून पाळलेला तित्तर घेऊन माळावर जायचा. पिंजऱ्यातला तित्तर बोलायचा, तो बोलला नाही तर हा माणूस स्वतः तोंडानं असा बोलायचा की बांधावर बसलेल्या आम्हा पोरांना फरक कळत नसे. “काका, पुन्हा काढा,” म्हणून आम्ही मागे लागायचो. पण आवाजाचं त्याला स्वतःला कौतुक नव्हतं. त्याचा वेळ जायचा फास लावण्यात. गवतातून पक्षी कुठल्या वाटेनं पळतात, कुठल्या बांधाला कुठे खिंड आहे, हे तो बसकण मारून बघत राहायचा आणि फास त्या वाटेवरच लावायचा. “बोलावल्यानं येत नाही तो. त्याच्या वाटंवर बसा लागते,” असं काहीसं तो म्हणाल्याचं आठवतं.

१९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याची ही विद्या गुन्हा ठरली होती, आणि त्याच्या जमातीला तर इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवून टाकलेलं. इथे १७ डॉलर भरून मी तेच करतो आणि सरकार माझे आभार मानतं. कायदे चुकीचे होते असं मी म्हणत नाही. तित्तर आणि माळरान दोन्ही वाचायला हवेत. आता अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांच्याच ज्ञानाच्या आधारानं तणमोर आणि माळरान राखायचं काम चाललंय, हे वाचून बरं वाटलं. पण अमेरिकेतही रानटर्की एकदा संपत आली होती, हे विसरता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांनी ती कितीतरी राज्यांतून नाहीशी झाली. मग पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते टिकेनात. १९५१ मध्ये साऊथ कॅरोलिनात दाणे टाकून जमवलेल्या रानटी टर्कींवर तोफेनं जाळं उडवायची युक्ती साधली. तिथून पुढे रानटी पक्षीच पकडून दुसरीकडे नेले आणि लाखोंची संख्या परत आली. त्याला पैसा मिळाला तो बंदुका आणि काडतुसांवरच्या करातून, जो १९३७ च्या कायद्यानं वन्यजीवांसाठी राखून ठेवला आहे. पारध्याच्या वाट्याला असली कुठलीच व्यवस्था आली नाही.

नाळेच्या त्या सकाळनंतर आम्ही वाद्यं गाडीत ठेवली आणि भर दुपारी रान तुडवायला लागलो. पहाटेच्या काळोखात काही कळत नाही. खरं शिकणं दुपारचं, डास आणि लाल मुंग्यांच्या सोबतीनं. नराची विष्ठा एका टोकाला वळलेली लांबट असते, मादीची गोलसर गुंडाळी. वाळूत पंखांची टोकं घासल्याच्या समांतर रेघा दिसल्या, की तिथे नर पिसारा उभारून फिरतो. कुरणमालकानं महिनाभरापूर्वी मुद्दाम आग लावून जाळलेला एक तुकडा होता. काळ्या जमिनीतून हिरवे कोंब आलेले. तिथे किडे मिळतात, दूरवर दिसतं, म्हणून टर्की अशा जागी हटकून येते. तो तुकडा आणि सायप्रसचा दुसरा एक घुमट, यांच्यामध्ये ओकच्या झाडांचा उंचवटा होता. घुमट आणि उंचवटा यांच्यात पाणी फक्त घोट्याएवढं. चिखलात तीन बोटांचे मोठे ठसे, येतानाचे आणि जातानाचे. खोल पाण्याला अडणारा हा लांब पायांचा पक्षी घोटाभर पाण्यातून खुशाल चालत जातो.

तिथे बसलो. जेक आणि मादी जळक्या तुकड्याच्या कडेला रोवली. म्हातारा ओकला टेकून, बंदूक गुडघ्यावर. मी त्याच्या डाव्या बाजूला, अर्ध्या हाताच्या अंतरावर. अंधारात बुटाशेजारी काय वळवळलं ते मी बघितलं नाही. या पाण्यात कॉटनमाउथ नावाचा विषारी साप असतो आणि काही गोष्टी न बघितलेल्या बऱ्या. घुबडाला घुमटातून उत्तर आलं, जवळून. मी पाटीवर अगदी हलकी साद दिली, झोपेतून उठल्यासारखी. त्यानं तिला कापूनच उत्तर दिलं. पुन्हा घासायला काडी टेकवली तर म्हाताऱ्यानं माझा हात धरला. बस्स.

मग फांदीवरून जड पंखांचा फडफडाट झाला आणि तो उतरला, पण कुठे ते दिसलं नाही. त्यानंतर काहीच नाही. गॉबल नाही, पाऊल नाही. सूर्य पाइनच्या वर आला. मला वाटलं, गेला. काडी उचलायची प्रचंड इच्छा होत होती. तेवढ्यात म्हाताऱ्यानं माझ्या गुडघ्यावर बोट टेकवलं आणि नजरेनं उजवीकडे दाखवलं. मला काही ऐकू येत नव्हतं. नंतर त्यानं सांगितलं, तो नराचा ‘ड्रम’ ऐकत होता. पिसारा उभारलेला नर छातीतून अत्यंत खालच्या पट्टीत घुमतो, कानापेक्षा बरगड्यांना जाणवावं असं. यंत्रांनी म्हाताऱ्याचे वरचे सूर नेले होते, खालचे शाबूत होते. जवळ आलेला पक्षी त्याला माझ्याआधी कळला.

मग मलाही आवाज आला, पण पाण्याचा. छप्. थांबला. छप्, छप्. एखादा माणूस जपून चालत यावा तसा. ओकच्या मुळांमागून आधी डोकं आलं, मग सगळा नर, उन्हात तांब्यासारखा झळकणारा. टर्कीला चौफेर दिसतं, त्यामुळे मी पापणीसुद्धा जपून लववत होतो. मादीकडे त्यानं पाहिलंही नाही. जेकभोवती अर्धा फेरा घातला, पाठ आमच्याकडे झाली, आणि पिसारा मिटून त्यानं जेकवर झडप घातली. प्लास्टिकचा जेक आडवा पडला. तो मान वर करून आपण काय जिंकलो ते बघत होता, तेव्हा म्हाताऱ्यानं बार काढला.

त्या आवाजानं मला कसं वाटलं, हे लिहिताना मी अडखळतो. आनंद झाला, हे खरं. पक्ष्याजवळ जाईपर्यंत तो ओसरला, हेही खरं. म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि क्षणभर उभा राहिला. प्रार्थना केली की दम खाल्ला, मी विचारलं नाही. जागेवरून हलवण्याआधी शिकारीची नोंद करावी लागते आणि चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावं लागतं. ते फोनवर मी केलं, त्याचा चष्मा गाडीत राहिला होता. वजन सतरा पौंड भरलं. छातीवरची दाढी दहा इंच, पायाच्या आऱ्या इंचाहून लांब आणि अणकुचीदार.

छातीचं मांस त्यानं पिठात घोळवून तळलं. तंगड्या मला दिल्या, कारण इथले बरेच लोक त्या टाकून देतात. पायांतल्या शिरा हाडासारख्या कडक झालेल्या असतात. प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोडून दिलं, शेवटी मंद आचेवर दुपारभर ठेवल्या आणि वऱ्हाडी रस्सा केला, तेव्हा कुठे मांस सुटलं. पंखांची हाडं म्हाताऱ्यानं उकळून, पोकळ करून एकात एक बसवली. फार जुनी पद्धत आहे ही, इथल्या मूळ रहिवाशांची. ओठ लावून हवा आत ओढली की साद निघते. मादीच्या हाडांचा आवाज खरा नाजूक येतो, पण वसंतात सहसा मादी मारता येत नाही. नराच्या हाडांचा जाडा येतो, जेकसारखा. ‘मग जेक म्हणूनच वाजव,’ म्हणाला.

नाळेपलीकडचा गॉबलर हंगामाच्या शेवटपर्यंत तिथेच गडगडत होता. हाडांच्या त्या वाद्यालाही त्यानं उत्तर दिलं आणि जागचा हलला नाही. त्याला इकडे बोलवायचा नाद आम्ही सोडला आहे. पुढच्या मार्चमध्ये अंधारातच पलीकडे जाऊन बसायचं ठरलं आहे. कमरभर काळ्या पाण्यातून चालत जायला मी नकार दिलाय, म्हणून म्हातारा एका ओळखीच्याची चपटी होडी मिळते का ते बघतोय. त्या बदल्यात आणखी एक कुंपण दुरुस्त करावं लागेल, आणि तारा धरायला मला जायचं आहे.